एकोणीस पट्ट्या

एक पट्टी, दोन पट्टी, तिसरी पट्टी ओली,
चार पट्टी, पाच पट्टी, पाचांची झाली झोळी...

हा आवाज माझ्या आईचा. मी तीन-चार वर्षांची असेन. नगरच्या आमच्या दोन खोल्यांत, तापल्या पत्र्याखाली, ती माझ्या पाठीवर थोपटत मोजायची. इतरांच्या आया चांदोबाला खाली बोलवायच्या. माझी आई राहेल भिंगारदिवे, ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ती पट्ट्या मोजायची. जखमेतलं रक्त टिपायच्या त्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या पाचाच्या गड्डीनं आत जातात आणि मोजून बाहेर येतात. मोजणी जुळल्याशिवाय डॉक्टरांनी शेवटचा टाका घालायचा नाही, हा तिथला नेम. त्या मोजणीला आईनं जात्यावरची चाल लावली होती. सूर लांब, थोडा थकलेला, दळण संपत आल्यावर असतो तसा.

सोळा पट्टी, सतरा पट्टी, उतरलं गं ऊन,
अठरा पट्टी, एकोणीस, बघते मी मोजून...

आणि थांबायची.

"वीस?" मी विचारायची.

"झोप आता."

दर वेळी तेच. पाचाच्या चार गड्ड्या म्हणजे वीस, हे शाळेत पाढे आले तेव्हा कळलं. पण तोवर एकोणीसनंतर गप्प व्हायची सवय लागली होती, आईला आणि मलाही. आणखी एक सवय होती. उजव्या जांघेकडं कुणाचा हात गेला, परकराची नाडी बांधायला का असेना, की मी किंचाळायची. शेजारणी म्हणायच्या, "सिस्टर, तुमची शलोमी अंगाला हात लावून घेत नाही हो कुणाला." आई हसायची नाही.

आता सन दोन हजार एक्केचाळीस. मी पंचावन्न वर्षांची, त्याच गावात बाळांना भूल देणारी डॉक्टर. गावाचं नाव बदलून जमाना झाला, आई अजून नगरच म्हणते.

*

आमच्या विभागात आठ महिन्यांपूर्वी एक यंत्र आलं. कंपनीनं त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण त्याला वातानुकूलित खोली लागायची, दोन माणसं दिमतीला लागायची आणि बाळाच्या पाठीवर चिकटवलेली पट्टी जरा सरकली की ते रुसून बसायचं. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं.

जावई काय करायचा, ते सांगते. मोठ्या माणसाला कापलं की कळ कण्यातून मेंदूकडं धावते, आणि मेंदूकडून एक निरोप उलटा खाली येतो: पुरे, समजलं, आता गप्प. बाळाच्या कण्यात ही खाली येणारी वाट अजून बांधलेली नसते. कळ वर जाते, जातच राहते, तिला 'पुरे' म्हणणारं कुणी येत नाही. त्यात अफूच्या जातीची औषधं द्यावीत तर कोवळा श्वास मंदावतो. म्हणून आम्ही जखमेकडून येणाऱ्या मज्जातंतूलाच गाठतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, कण्याच्या शेजारी, दोऱ्याएवढी नळी नेऊन ठेवायची आणि तिच्यातून औषधाचे थेंब सोडायचे. तंतूच्या भिंतीतली बारीक दारं मिटतात. बाळ जागं असतं, श्वास घेतं, आईकडं बघतं, फक्त जखमेचा निरोप वेशीवरच थांबतो.

अडचण एकच, किती थेंब? कमी पडले तर दुखतं. जास्त झाले तर कच्चं यकृत ते निपटू शकत नाही, झटके येतात, हृदय थांबतं. जावई हा प्रश्न सोडवायचा. बाळाच्या पाठीवर केळीच्या सालीसारखी मऊ पट्टी चिकटवायची. ती कण्यातली कुजबुज ऐकायची. कळ उठू लागली की जावई थेंब वाढवायचा, निवली की कमी करायचा. पडद्यावर हिरवा दिवा म्हणजे कण्यात शांतता.

पण शांतता म्हणजे नेमकी केवढी, हे त्याला आधी शिकवावं लागायचं. प्रत्येक इस्पितळानं आपल्यातल्या एका निरोगी माणसाच्या कण्याचा नकाशा त्याला द्यायचा. त्या माणसाच्या कण्यात जी कुजबुज असेल ती जावई शून्य मानायचा आणि बाळाच्या आवाजातून वजा करायचा. अट एवढीच की त्या माणसाला जुनाट दुखणं नको आणि वयाच्या पहिल्या वर्षात ऑपरेशन झालेलं नको. कारण कोवळ्या कण्याला एकदा कळ चाटून गेली की तिथले पहारेकरी जन्मभर जागे राहतात. वरून काही दिसत नाही, पण तो मणका पुटपुटत असतो.

आमच्यात असा माणूस मिळेना. एका सिस्टरची कंबर गेलेली, दुसरीला अर्धशिशी. माझा तरुण मदतनीस डॉक्टर इरफान, त्याचा ओठ तिसऱ्या महिन्यात शिवलेला. "मॅडम, तुम्हीच बसा जावयाच्या मांडवात," तो म्हणाला. फॉर्मवर चौदावा प्रश्न होता: पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया? मी आईला फोन लावला.

"आई, मी तान्ही असताना माझं काही ऑपरेशन झालं होतं का गं?"

तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली.

"जांघेत गळू झालं होतं. चिरलं होतं. त्याला काय ऑपरेशन म्हणतात?"

"नाही," मी लिहिलं. हजारो आयांना खोदून खोदून विचारणारी मी. घरच्या उत्तराची तपासणी करायची असते, हे मला सुचलंच नाही.

*

त्या शुक्रवारी अकरा वाजता आम्ही पाथर्डीकडच्या गोकर्णा पालवेचं बाळ ऑपरेशनला घेतलं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, चाळीस दिवसांचं, वजन एक किलो नऊशे. अजून बारसं नव्हतं. कागदावर नुसतं 'गोकर्णाचं बाळ'. उजव्या जांघेत हर्निया अडकून आतडं गुदमरलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. श्वासाची नळी एक दिवस ठेवायची ठरली. बारा वाजता मी कण्याशेजारच्या नळीतून औषधाचा पहिला पूर्ण डोस दिला आणि बाळ जावयाच्या हवाली केलं. हिरवा दिवा लागला. गोकर्णा काचेपाशी स्टुलावर बसली. वीस-एकवीस वर्षांची पोरगी, पदराचं टोक चावत होती.

अडीचला आई आली. आमच्याकडं मंगळवार-शुक्रवार निवृत्त बायका येतात, बाळांना मांडीवर घेतात, अंगाई म्हणतात. त्यांना आम्ही मांडीवाल्या आज्या म्हणतो. आई एकोणऐंशीची, पण त्यांच्यात तीच मुकादम. हात धुऊन, केस झाकून ती पाळण्यापाळण्यातून फिरली आणि गोकर्णाच्या बाळापाशी थांबली. थांबली ती हलेचना.

"शलू, इकडं ये."

"आलेच."

"आलेच नको. ये."

गेले.

"हे रडतंय," आई म्हणाली.

मला हसू आलं. "आई, झोपलंय ते. दिवा बघ."

"दिव्याला काय डोळे आहेत? तू बघ."

"मॅडम, नाडी एकशे नव्वद आहे," इरफान मागून म्हणाला, "पण श्वासासाठी कॅफीन चालू आहे ना, त्यानं वाढते."

"कॅफीननं पायाची बोटं अशी होतात का रे डॉक्टर?" आईनं दुपट्याचं टोक उचललं. इवल्या पायाची बोटं फाकली होती, प्रत्येक वेगळी. "आणि ही भुवयांमधली घडी बघ. चिकटपट्टीखाली तोंड बघ, चौकोनी झालंय. नळी आहे घशात. आवाज फुटणार कुठून?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. श्वासाची नळी आवाजाच्या पडद्यांमधून जाते, त्यामुळं असं बाळ रडलं तरी ऐकू येत नाही, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. पूर्वी आम्ही दर तासाला चेहरा वाचून कागदावर गुण मांडायचो. जावई आला आणि ते कागद बंद झाले. आठ महिने आम्ही सगळे दिवा वाचत होतो.

"तू इतक्या खात्रीनं कशी सांगतेस?" मी विचारलं.

"पाहिलंय मी असलं रडणं."

"कुठं?"

आईनं दुपट्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "वॉर्डात. पुष्कळ बाळं पाहिली. तू आता बोलत बसू नकोस."

मी बर्फाचा खडा मागवला. जुनी युक्ती आहे. तंतू बधिर असेल तर गारवाही कळत नाही. जखमेशेजारी खडा टेकवला. बाळानं पाय पोटाशी ओढून घेतला. सगळं अंग ताठलं. मी पडद्याकडं पाहिलं. जावयाची रेघ हललीसुद्धा नव्हती.

"हे बहिरं झालंय," मी म्हणाले.

"पण मॅडम, पहिला डोस पूर्ण गेलाय," इरफानचा आवाज चढला. "अडीच तासच झालेत. एवढंसं यकृत! अजून दिलं आणि झटके आले तर? शून्य दाखवत असताना दिलं म्हणून उद्या चौकशी लागेल."

"अर्धा डोस देते, थेंबाथेंबानं. तू उताऱ्याचं औषध भरून हातात धर."

ते उताऱ्याचं औषध दुधासारखं पांढरं असतं. जास्त झालेली भूल रक्तातून शोषून घेतं. इरफाननं ती पांढरी सिरिंज बंदुकीसारखी धरली. मी जावयाची नळी सोडवून माझी लावली. एक थेंब. थांबायचं, नाडी बघायची. दुसरा. माझ्या कानशिलावरून घाम गालावर आला, पुसायला हात मोकळा नव्हता. काचेपलीकडं गोकर्णा उभी राहिली होती. आई बाळाच्या डोक्याशी वाकली होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला ओठांवरून कळलं. ती मोजत होती.

एकशे नव्वद. एकशे शहाऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर.

सात मिनिटांनी भुवयांमधली घडी उलगडली. एकशे पन्नास. पायाची बोटं एकेक करून मिटली, संध्याकाळी चिंचेची पानं मिटतात तशी.

मी आईकडं पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी बाहेर बसते," ती म्हणाली.

*

जावयाला मी तिथल्या तिथं बंद केलं. इरफान त्याची आतली नोंद उघडून बसला. पट्टी ठीक, तारा ठीक, नळी जागेवर. मग त्यानं शून्याचा नकाशा उघडला. कण्याचा एकेक मणका निळ्या रंगात शांत. फक्त कमरेच्या वर, उजव्या अंगाला, दोन मणक्यांशी केशरी डाग. जखमेशिवाय, कारणाशिवाय, न थांबता पुटपुटणारा.

"मॅडम," तो म्हणाला, "इथं जेवढी कळ आहे, तेवढी यंत्र शून्य धरतंय. छातीच्या, मानेच्या बाळांना काही फरक पडला नाही. पण उजव्या जांघेची कळ याच वाटेनं येते. तिथं हे मुळातच बहिरं होतं. पहिल्या दिवसापासून." मग त्यानं खालचं नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसायला लागला. "तुमचा नकाशा आहे ना हा?"

"हो."

"गळू चिरल्यानं एवढं होत नाही, मॅडम."

"मला माहिती आहे."

माझा हात आपोआप उजव्या जांघेकडं गेला आणि पोचायच्या आधीच परत आला. पंचावन्न वर्षं तो असाच परत येत होता.

"या मणक्याची आधीची बाळं?"

"एक आहे. शेवगावचं. जूनमध्ये. घरी गेलंय, बरंय." तो नोंद पुढं वाचत गेला. "श्वासाची नळी नव्हती त्याला. खूप रडलं होतं. आपण म्हटलं, भूक लागली असेल."

त्या घराचा नंबर मी कागदावर लिहून घेतला. तो फोन मलाच करायचा होता. पण आधी काचेपलीकडं जायचं होतं.

"नुसतं सांगा ना, औषध वाढवलं म्हणून," इरफान हळूच म्हणाला. "घाबरेल ती."

मी गेले. आई तिथंच बाकावर होती, मांडीवर डबा. गोकर्णा उठून उभी राहिली.

"बाळ आता बरं आहे," मी म्हणाले. "पण अडीच तासांतला बराच वेळ त्याला दुखत होतं. यंत्र चुकलं. यंत्राला शिकवण्यात माझी चूक होती. आणि मी त्याच्याकडं न बघता दिव्याकडं बघत राहिले, ही दुसरी."

गोकर्णाच्या पदराचं टोक तोंडातून सुटलं.

"मला वाटतच व्हतं," ती म्हणाली. "सारखं आतून येत व्हतं, याला काहीतरी होतंय. पण दिवा हिरवा व्हता. मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते डॉक्टरबाई, आन् तुमी दिव्याकडं." मग एकदम तिचा आवाज फाटला. "एवढूसं लेकरू! त्यानं कुनाला सांगायचं व्हतं?"

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तक्रार करायची असेल तर कागद मी आणून देते. माझं नाव मीच लिहून देते."

"कागदाचं मग बघू. आधी मला आत जाऊ द्या. मी बघते त्याच्या तोंडाकडं."

"जा. हात धुऊन बस. त्याच्या डोक्यावर हात ठेव. आणि भुवयांमध्ये घडी पडली की ओरड."

ती गेली. आईच्या मांडीवरचा डबा घसरून खाली पडला. झाकण गडगडत भिंतीपर्यंत गेलं. आई त्याच्याकडं बघत राहिली, उचलायला वाकली नाही.

*

मी तिच्याशेजारी बसले. साडेपाचचं ऊन कॉरिडॉरच्या जाळीतून आमच्या पायांवर पडलं होतं.

"गळू नव्हतं ते," मी म्हणाले.

"नाही."

"आई, मी फोनवर विचारलं होतं. आठ महिन्यांपूर्वी. तू खरं सांगितलं असतंस तर..."

"ते बाळ रडलं नसतं. आणि ते शेवगावचंही. दार उघडंच होतं तुमचं, मी ऐकलं." तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय ती एकदम म्हातारी दिसली. "तू त्या पोरीला कसं सांगितलंस गं? सरळ तोंडावर. मला पंचावन्न वर्षांत जमलं नाही."

मोजणी चालू असताना मधे बोलायचं नसतं.

"तू बेचाळीस दिवसांची होतीस," आई म्हणाली. "हर्नियाच. हीच बाजू. आतडं काळं पडायला लागलेलं. तालुक्याचं लहान इस्पितळ, त्या दिवशी थिएटरला मी एकटीच. दुसरी सिस्टर रजेवर. सर म्हणाले, राहेल, तुला जमेल का? मी म्हटलं, जमेल. तुला अंग ढिलं पडायचं औषध दिलं. श्वास हातानं फुगा दाबून. बाकी काही नाही. सर वाईट नव्हते, शलू. तेव्हा सगळे हेच म्हणायचे, एवढ्याशा बाळाला कळत नाही, पुरती भूल दिली तर पेलवायची नाही. पुस्तकातच होतं तसं. त्यांनी तुला वाचवलं."

"आणि तू पट्ट्या मोजल्यास."

"मोजल्या. मोठ्यानं. म्हटलं, आपला आवाज तरी जाईल तिच्या कानात. तू हलत नव्हतीस. करंगळीसुद्धा नाही. कशी हलशील, औषधच तसलं. सरांनी शेवटचा टाका घ्यायच्या आधी विचारलं, सिस्टर, मोजणी? मी म्हटलं, एकोणीस."

ती थांबली. लहानपणी थांबायची, अगदी तिथंच.

"आई," मी म्हणाले. "वीस?"

तिनं उजव्या हाताची मूठ मांडीवर ठेवली. घट्ट. बोटांचे सांधे पांढरे.

"सर म्हणाले, एक आत राहिली असणार. घातलेला टाका उसवला. परत बोटं घालून शोधलं. इकडं, तिकडं, आतड्यामागं. चार मिनिटं. घड्याळ माझ्या समोर होतं. मग मी वाकले आणि म्हटलं, सर, सापडली, खाली पडली होती."

"खाली पडली नव्हती."

"नाही." तिचा आवाज आता त्या जुन्या चालीत नव्हता. कोरडा होता. "तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन्ही कानांकडं ओघळत होतं. विसाव्या पट्टीनं मी ते पुसलं होतं. ओली झाली होती, रक्ताचा ठिपका नाही, नुसतं पाणी. ती दाखवली असती तर सांगावं लागलं असतं, ही रडतेय, हिला कळतंय. मग सर थांबले असते, आणि थांबून देणार काय होते? मला काही सुचलं नाही. ते आत शोधत होते आणि पट्टी माझ्या मुठीत होती. मला माहीत होतं, शलू. तुला सगळं दुखत होतं, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. आणि मी मूठ उघडली नाही."